पडक्या इमारतींची साक्ष
(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात झालेले भाषण)



काल आपल्या देवळावर कलश चढला. कोणी जोंधळ्याची पोती विकून वर्गणी दिली, कोणी बोनसची रक्कम पाठवली, कोणी बैलगाडी दिली, ट्रॅक्टर दिला, कोणी नुसते खांद्यावर दगड वाहिले. गवंड्यांना रोज भाकरी पुरवणाऱ्या मायभगिनींचे नाव पावतीपुस्तकात नसेल, पण त्या भाकरीवरच हे शिखर उभे आहे. या सर्वांना मी प्रथम नमस्कार करतो.

अशा मंगल प्रसंगी मी पडक्या इमारतींवर, त्यातही ओसाड इस्पितळांवर बोलणार, हे कळल्यावर समितीतले एकदोघे जरा चपापले. "मास्तर, उत्सवात भुताखेताच्या गोष्टी कशाला?" असे एकाने हसत विचारलेही. त्यांना मी एवढेच सांगितले की, जीर्णोद्धार या शब्दात 'जीर्ण' आधी येते आणि 'उद्धार' मागाहून. उद्धाराचा सोहळा आपण थाटाने करतो. जे जीर्ण झाले होते त्याची नोंद मात्र बहुधा कोणी ठेवीत नाही. ती कशी ठेवावी आणि का ठेवावी, एवढाच आजचा विषय आहे.

मी आयुष्यभर चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पडके वाडे, बंद गिरण्या, ओस धर्मशाळा पाहत हिंडलो. लोक विचारीत, "काय मास्तर, हंडा-बिंडा सापडला का?" हंडा सापडला नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात आली. चालत्या इमारतीत आपल्याला फक्त गर्दी दिसते. ती ओस पडली की मग तिथे कोण राहिले, कोणी काय सोसले, हे भिंती सांगू लागतात. उंबरठा मध्यभागी झिजलेला असतो, खुंटीखाली तेलाचा डाग असतो, खिडकीच्या कडेला पोराने कोरलेले नाव असते. हे सांगणे फार दिवस टिकत नाही. दोन पावसाळे गेले, छप्पर बसले, की साक्षीदार संपला.

आता इस्पितळे ओस का पडतात, हे आधी पाहू. प्रत्येक वेळी कारण वाईटच असते असे नाही. पूर्वी क्षयरोग झाला की माणसाला डोंगरावरच्या किंवा रानातल्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवीत. मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपचार. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. मग १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा प्रयोग झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच औषध देऊन पाहिले. १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारेही आरोग्यधामातल्यांइतकेच बरे होतात, असे दिसून आले. या प्रयोगाने साऱ्या जगाचे मत बदलले आणि क्षयाची आरोग्यधामे एकामागून एक रिकामी होत गेली. म्हणजे परदेशातल्या एखाद्या पडक्या आरोग्यधामाचा फोटो पाहताना, त्याला कुलूप लागण्यामागे आपल्या देशातल्या गरीब रोग्यांचाही वाटा आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

मनोरुग्णालयांची गोष्ट अशी सरळ नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ती मोठ्या आशेने बांधली गेली. उजेड, हवा, बागा आणि हाताला काम मिळाले तर बिघडलेले मन सुधारते, अशी बांधणाऱ्यांची श्रद्धा होती. तिथे शेती असे, दुभती जनावरे असत, चपला शिवण्याचे कारखाने असत आणि स्वतःचे स्मशानही असे. पुढे गर्दी वाढली, पैसा अपुरा पडला. १९५५ साली अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. नंतर नवी औषधे आली, धोरण बदलले आणि त्या प्रचंड वास्तू रिकाम्या झाल्या.

क्रिस्टोफर पेन नावाच्या एका छायाचित्रकाराने २००२ ते २००८ या काळात अमेरिकेच्या तीस राज्यांतील सत्तर मनोरुग्णालयांची छायाचित्रे घेतली. २००९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. हा मनुष्य मुळात वास्तुशास्त्र शिकलेला, त्यामुळे इमारत कशी उभी आहे हे त्याला कळते. पण त्याचे जे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही त्यात इमारत जवळजवळ नाहीच. एका लहानशा कपाटात खुंट्यांवर ओळीने टांगलेले दात घासायचे ब्रश, एवढेच त्यात आहे. माणसे गेली, ब्रश राहिले. दुसऱ्या एका चित्रात माळ्यावर रचलेल्या प्रवासी पेट्या आहेत, ज्या न्यायला कोणी आलेच नाही. आपल्या घरातले कोणी दूरच्या इस्पितळात असते आणि त्याची पेटी अशी पडून राहिली असती, तर आपल्याला काय वाटले असते?

आता ज्या एका जागेसाठी मी मुख्यतः उभा राहिलो आहे, तिकडे वळतो. न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळ, एलिस नावाचे लहानसे बेट आहे. १८९२ ते १९५४ या काळात पोटासाठी देश सोडून निघालेली सुमारे एक कोटी वीस लाख माणसे या बेटावरून अमेरिकेत शिरली. आपल्या गावची माणसे वळकटी घेऊन मुंबईची गाडी धरीत, तशीच ही माणसे गाठोडी घेऊन बोटीत बसत. पैसेवाल्यांची तपासणी बोटीवरच उरके. गरिबांना मात्र बेटावर उतरून रांगेत उभे राहावे लागे. ती जिना चढत असताना डॉक्टर त्यांना न्याहाळीत. कोणाला धाप लागली, कोणाचा पाय ओढला, कोणाचा डोळा लाल दिसला, की त्याच्या कपड्यावर खडूने एक अक्षर काढीत. हृदयाला एक अक्षर, डोळ्यांना दुसरे, लंगडण्याला तिसरे. सगळ्यांत मोठी धास्ती खुपऱ्यांची. डोळ्यांत खुपऱ्या निघाल्या तर बहुधा आल्या वाटेने परत पाठवणी होई.

खडूची खूण झालेल्यांसाठी त्याच बेटावर १९०२ मध्ये इस्पितळ उघडले आणि १९११ मध्ये साथीच्या रोगांचे वेगळे इस्पितळ झाले. तिथे हजारो माणसे बरी झाली आणि पुढच्या बोटीने किनाऱ्याला लागली. सुमारे साडेतीनशे बालके तिथे जन्मली. सुमारे साडेतीन हजार माणसे तिथेच वारली. ज्या गावासाठी घरदार विकले ते गाव खिडकीतून समोर दिसते आहे, मध्ये एवढेसे पाणी आहे आणि ते ओलांडता येत नाही, अशी त्यांची शेवटची अवस्था.

१९५४ मध्ये बेट बंद झाले. पुढे मुख्य इमारतीची दुरुस्ती होऊन १९९० मध्ये तिथे संग्रहालय झाले, लोक कौतुकाने पाहायला येऊ लागले. पण इस्पितळाची बाजू तशीच पडून राहिली. छपरे गळत होती, रंगाचे पोपडे निघत होते, खिडक्यांतून वेली आत येत होत्या. जिथून माणसे हसत बाहेर पडली ती इमारत सावरली गेली आणि जिथे माणसे अडली ती तशीच विसरली गेली. मंडळी, हा मनुष्यस्वभाव आहे. आपणही बारशाचे फोटो जपून ठेवतो, आजारपणाचे ठेवीत नाही.

१९९८ मध्ये स्टीफन विल्क्स या छायाचित्रकाराला या ओस भागात तासाभराच्या कामासाठी जाण्याची संधी मिळाली. तो तासाभरासाठी गेला आणि पुढे पाच वर्षे जात राहिला. त्याने सोबत दिवे नेले नाहीत. मोडक्या खिडक्यांतून जो उजेड येईल त्यातच चित्रे घेतली. उन्हाळा, हिवाळा, सकाळ, संध्याकाळ, जसा उजेड पालटेल तशा त्याच खोल्या त्याने पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्याच्या एका चित्रात क्षयरोग्यांच्या खोलीतला तोंड धुण्याच्या भांड्यावरचा आरसा आहे आणि त्या आरशात दूरची स्वातंत्र्यदेवता उमटली आहे. सकाळी उठून तोंड धुणाऱ्या रोग्याला रोज तेवढेच दर्शन होत असेल. एवढी मोठी गोष्ट त्या चित्रात एका वीतभर आरशात मावली आहे.

ही चित्रे लोकांसमोर आली, अधिकाऱ्यांसमोर आणि लोकप्रतिनिधींसमोर ठेवली गेली. त्यांच्या साहाय्याने या इमारती सावरण्यासाठी अमेरिकेच्या संसदेकडून साठ लाख डॉलर मिळाले. २००६ मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले. इमारती नव्या कोऱ्या केल्या नाहीत. वेली काढल्या, गळती थांबवली, पडझड रोखली. २०१४ पासून डोक्यावर संरक्षक टोपी घालून लोकांना ठरावीक वाटेने आत नेतात. अनेक वर्षे जे काम अर्ज-विनंत्यांनी रखडत चालले होते त्याला या चित्रांनी जोर दिला, कारण अर्जातला आकडा वाचून डोळ्यांत पाणी येत नाही.

छायाचित्राचा हा उपयोग नवा नाही, आणि जीर्णोद्धाराशी तर त्याचे नाते फार जुने आहे. छायाचित्रणाची कला नुकतीच जन्मली होती, तेव्हा १८५१ साली फ्रान्सच्या सरकारी स्मारक समितीने पाच छायाचित्रकारांना देशभर पाठवले. जुनी चर्चे, किल्ले, पूल आज कसे आहेत हे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी टिपून आणा, अशी त्यांना आज्ञा होती. कार्कासोन नावाच्या तटबंदीच्या गावाची चित्रे त्यांनी घेतली आणि त्यानंतर तिथे दुरुस्ती सुरू झाली. आज त्या गावात मूळचे किती आणि मागाहूनचे किती, हा वाद निघाला, तर ती चित्रे साक्षीला येतात.

आपल्याकडचे उदाहरण तर विठुरायाच्याच दारातले आहे. हंपीच्या विठ्ठल मंदिरासमोरचा दगडी रथ तुम्ही पाहिला असेल, निदान पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर तरी पाहिला असेल. १८५६ च्या सुमारास ग्रीनलॉ नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने मेण लावलेल्या कागदावर हंपीच्या अवशेषांची चित्रे घेतली. त्यांत या रथावर विटांचे शिखर स्पष्ट दिसते. आज ते शिखर नाही. ती चित्रे नसती तर रथ पहिल्यापासून असाच होता, असे आपण पोराबाळांना बिनदिक्कत सांगितले असते.

येथे दोन शब्द सावधगिरीचे बोलणे अवश्य आहे. पडक्या इमारतीचे चित्र फार लवकर सुंदर दिसते. तिरपे ऊन, सोललेला रंग, भिंतीतून उगवलेला पिंपळ, एवढे असले की कोणाचाही फोटो छान येतो. त्या सौंदर्याला भुलू नये. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचे असेच झाले. मोटारींचे कारखाने बंद पडले, माणसे गेली आणि जगभरचे छायाचित्रकार तिथली ओस नाट्यगृहे आणि रेल्वे स्थानक टिपायला लोटले. तिथले रहिवासी चिडले, आणि त्यांचे बरोबर होते. २०१० च्या शिरगणतीत त्या शहरात सात लाखांवर माणसे राहत होती, पण चित्रांत एकही नव्हते. जिवंत गावाचे कोणी मृत्युपत्र लिहावे तसे ते झाले. त्याच शहरातले १९८८ पासून बंद पडलेले मोठे रेल्वे स्थानक दुरुस्त होऊन २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा उघडले. तेव्हा पडकी इमारत टिपताना ती कोणाची आहे, आजूबाजूला कोण राहते आणि त्यांचे म्हणणे काय आहे, हे आधी विचारावे.

इस्पितळाच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. ओस दवाखान्यात कधीकधी रोग्यांची जुनी नोंदवही पडलेली असते. तिची पाने उघडून नावानिशी फोटो काढू नयेत, मग ते मोबाईलवरून गावभर पाठवणे तर दूरच. कोणाला कोणता रोग होता हे त्याच्या नातवंडांच्या सोयरिकीच्या वेळी कोणी उकरावे, हे बरे नव्हे. अशी वही सापडली तर ती बांधून अधिकाऱ्यांच्या हवाली करावी.

आणि तरुण मंडळींना एक धाक घालून ठेवतो. मालकाच्या परवानगीवाचून आत जायचे नाही. एकट्याने जायचे नाही. कुजलेल्या पाटईवर आणि खालून पोकळ झालेल्या जिन्यावर पाय द्यायचा नाही. साप, विंचू, आग्यामोहोळ यांची तिथे वस्ती असते, आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीला वाईट, म्हणून नाकातोंडाला फडके बांधायचे. आतली वस्तू उचलायची नाही, भिंतीवर आपले नाव लिहायचे नाही.

मुंबईकर मंडळी समोर बसली आहेत, त्यांना एक विचारतो. तुमच्या वडिलांनी गिरणीत साचे चालवले. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक गिरण्या पुन्हा धडपणे चालल्याच नाहीत. त्या जागांवर आज काचेचे मनोरे उभे आहेत. वडील ज्या खात्यात उभे राहिले, त्या खात्याचा एक तरी फोटो तुमच्या घरी आहे का? या देवळाला आलेल्या पहिल्या देणग्या त्या खात्यातल्या घामाच्या होत्या. असा फोटो कोणाच्या ट्रंकेत असेल तर तो समितीकडे आणून दाखवा. नक्कल काढून मूळ फोटो परत मिळेल.

आता घरची गोष्ट. देवळामागे लोकल बोर्डाच्या काळचा जुना दवाखाना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र झाल्यापासून तो बंद आहे. मंगलोरी कौले निम्मी गळून पडली आहेत. येत्या अक्षय्यतृतीयेनंतर तो उतरवून तिथे भक्तनिवास बांधण्याचा ठराव झाला आहे. मी त्या ठरावाच्या आड येत नाही. यात्रेला आलेल्या बायाबापड्यांना रात्री अंग टाकायला जागा हवीच. पण तो दवाखाना म्हणजे नुसते दगड नव्हेत. थोरल्या मंडळींनी आठवून पाहावे. त्याच ओट्यावर रांगेने बसवून गावच्या पोरांना देवी टोचल्या. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी राहिला नाही आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या एवढ्या मोठ्या लढाईतला आपल्या गावाचा मोर्चा त्या ओट्यावर होता. त्याच खिडकीतून कंपाउंडर घरून आणलेल्या बाटलीत औषध भरून, वर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत असे. कित्येकांच्या घरची माणसे तिथून बरी होऊन चालत आली, कित्येकांची तिथून उचलून आणावी लागली.

देवळाचा जुना लाकडी सभामंडप आपण उतरवला, तेव्हाचा धड एकही फोटो समितीला मिळाला नाही. एका घरच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे अर्धा खांब दिसतो, तेवढाच पुरावा. आज जी पोरे पाळण्यात आहेत त्यांना जुने देऊळ आपण त्या अर्ध्या खांबावरून सांगणार. दवाखान्याचे असे होऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

काम फारसे खर्चाचे नाही. आज घरोघरी मोबाईल आहे. चार तरुण, दोन मुली आणि त्यांच्यासोबत दोन जुनी माणसे, एवढे पथक पुरे. इमारतीच्या चारही बाजू समोरून टिपाव्यात, मग प्रत्येक खोली तिच्या चारही कोपऱ्यांतून. मोबाईल हातात हलू नये म्हणून तिपाईवर किंवा विटांच्या थरावर ठेवावा, झगझगीत दिवा लावू नये, सकाळचे ऊन पुरते. प्रत्येक चित्रात एक हातभर पट्टी उभी धरावी, म्हणजे दार किती उंच होते हे पुढे कळेल. नंतर बारीकसारीक गोष्टी घ्याव्यात: ओटा, खिडकी, खुंट्या, फळीवरचे अक्षर, झिजलेली पायरी. प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा वहीत लिहावी. जुनी माणसे जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. शेवटी सर्व फोटोंच्या कागदी प्रती काढून एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक देवळाच्या कपाटात ठेवावा. मोबाईल बदलतो, बिघडतो, पाण्यात पडतो. कागद कपाटात राहतो.

हे काम झाले की मग समितीने ते फोटो समोर ठेवून एकदा बसावे. कदाचित ओट्याचा घडीव दगड भक्तनिवासाच्या पायरीला लावावासा वाटेल. कदाचित नाही वाटणार. निर्णय आपला सर्वांचा आहे. पण तो इमारत नीट पाहून घ्यावा. अक्षय्यतृतीयेला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे सहज होईल. तरुण मंडळाने उद्याच्या काल्यानंतर नावे द्यावीत, वही मी आणली आहे.

 भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!